डॉक्टरांनी डिस्क बदलली

डॉक्टर दातांचे होते. पण दवाखाना बंद केल्यापासून घरातली कुठलीही वस्तू जरा कुरकुरली की तिला उघडून बघायची त्यांना खुमखुमी येई. इस्त्री, टेबलाचा पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांनी त्यांच्या हातचे उपचार सोसले होते. इस्त्री दगावली. पंखा वाचला, पण तेव्हापासून तो एकाच बाजूला बघतो.

त्यामुळे टीव्हीखालच्या रेकॉर्डरनं घरघर सुरू केली, त्या दिवशी वहिनींनी आधी डॉक्टरांच्या हातांकडे पाहिलं. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खी इमारत वहिनीच म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती आणि अजूनही तिथून त्यांच्याकडे गठ्ठे येत. त्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटत नसे, मग नवरा कुठला सुटायला?

रेकॉर्डर चौदा वर्षांचा होता. टीव्हीवरचे कार्यक्रम स्वतःच्या पोटात साठवून ठेवायचे आणि मागाल तेव्हा दाखवायचे, एवढंच त्याचं काम. पण पोट आता गच्च भरलं होतं. त्या आठवड्यात वहिनींच्या आवडत्या मालिकेचा शेवटचा भाग होता. पोलीस अधिकाऱ्यानं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, एकेकाकडे रोखून पाहिलं, "खुनी आहे..." म्हणून बोट उचललं, आणि पडद्यावर पाटी आली: जागा शिल्लक नाही.

"मी सांगू?" शेजारच्या खुर्चीतून धाकटा म्हणाला. त्यानं तो भाग आदल्या दिवशी वर स्वतःच्या टीव्हीवर बघितला होता.

"भावजी, खबरदार!"

"बरं. पण माळ्याकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं."

वहिनींनी हातातली उशी त्याला फेकून मारली.

हा धाकटा भाऊ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. लग्न केलं नाही. रोज पाच वाजता तो चहाला खाली उतरायचा आणि जाईपर्यंत दादाची खोडी काढायचा. दादाला चिडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

आता प्रश्न जागेचा होता. यादीत एकशे बेचाळीस कार्यक्रम होते. गोगलगाईंवर चार भाग होते, पुलांवर सहा, कुठल्याशा दीपगृहाच्या राखणदारावर एक, लोकर कशी विंचरतात त्यावर दोन. तीन वर्षांपूर्वी टेनिसच्या सामन्याला जागा हवी म्हणून डॉक्टर गोगलगाई पुसायला निघाले होते. तेव्हा वहिनी पटकन म्हणाल्या होत्या, "राहू द्या हो त्या." त्या 'हो'मध्ये काहीतरी होतं. हिला गोगलगाई आवडतात, असं डॉक्टरांनी मनाशी नोंदवून ठेवलं. अडतीस वर्षं संसार करूनही माणूस पुरता कळत नाही, असंही त्यांना वाटलं. त्यानंतर त्यांनी यादीला हात लावला नाही.

नवा रेकॉर्डर घ्यावा, तर जुन्यातलं त्यात येणार नाही, असं दुकानात सांगितलं. मग एकच मार्ग उरला. आतली हार्ड डिस्क काढायची आणि मोठी बसवायची.

"काढायचं आणि बसवायचं," डॉक्टर तळहात चोळत म्हणाले. "चाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

"काढायचात," वहिनी म्हणाल्या. "काढलेला परत बसवलेला मला तरी आठवत नाही."

डॉक्टरांनी चार दिवस कॉम्प्युटरवर बसून अभ्यास केला. जगात आपल्यासारखे पुष्कळ लोक जुने रेकॉर्डर उराशी धरून बसले आहेत, हे वाचून त्यांना धीर आला. पाचव्या दिवशी ते एक चकचकीत डिस्क घेऊन आले. तिची खाच पातळ निघाली. रेकॉर्डरमधला पट्टा चांगला तळहाताएवढा रुंद. दोघांचं जमणं शक्यच नव्हतं. ते डिस्क घेऊन दुकानात परत गेले. दुकान चालवणारी बाई तिशीची होती, कानावर पेन्सिल खोचून काम करायची.

"काका, ही तुमच्या यंत्राच्या नातवाची आहे," ती म्हणाली आणि आतल्या फडताळात अर्धा तास हुडकून जुन्या पद्धतीची, पण दुप्पट मोठी डिस्क घेऊन आली. दोन्ही डिस्क एकाच वेळी कॉम्प्युटरला जोडायच्या तारा तिनं दिल्या. "आधी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं. मगच नवी आत बसवायची. आणि एकच गोष्ट ध्यानात ठेवा. कुठून आणि कुठे. तेवढं उलटं झालं की बोंब."

डॉक्टरांना हे जरा लागलंच. "मुली, मी डॉक्टर आहे."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली.

ज्या सकाळी ऑपरेशन ठरलं, त्याच सकाळी वहिनींना तपासलेला गठ्ठा घेऊन छापखान्यात जावं लागलं. चपला घालता घालता त्यांनी बजावलं, "झाकण उघडा, आत बघा, धूळ पुसा, वाटल्यास त्याच्याशी दोन शब्द बोला. पण कॉम्प्युटरवर बटण दाबू नका. तिथलं अक्षर न् अक्षर मी वाचेन, मग दाबू. एकपर्यंत येते."

"हो गं बाई," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. कपाटातून जुनी अवजारं काढली: लांब दांड्याचा छोटा आरसा, बारीक चिमटा, हवा मारायचा रबरी फुगा. हातमोजे चढवले. झाकणाचे स्क्रू चांदणीसारख्या खाचेचे होते. त्याचा पेचकस बाईनं दिला होताच. झाकण निघालं, आणि चौदा वर्षांची करडी धूळ गोधडीसारखी एकसंध उचलून आली. डॉक्टरांना समाधान वाटलं. तोंड कुणाचंही असो, ते उघडून आत काय काय साठलंय ते बघण्यात एक सुख असतं.

"जरा दुखेल हं," ते सवयीनं म्हणाले आणि पट्टा अलगद सोडवला.

पट्टा सुटला, डिस्क निघाली, खाचेतली एक काडीही वाकली नाही. हात अजून तसेच होते. साडेदहा वाजले होते. दोन्ही डिस्क कॉम्प्युटरला जोडून झाल्या, अकरा वाजले. वहिनी यायला दोन तास होते.

आता रिकाम्या बसलेल्या शल्यविशारदाएवढा धोकादायक प्राणी दुसरा नाही. डॉक्टरांनी नुसतं बघायला म्हणून कॉम्प्युटरवरचा नक्कल करायचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी. एक 'कुठून', एक 'कुठे'. किती सोपं! एवढ्यासाठी बायकोची वाट बघत बसायचं? ती आली की झालेलं काम दाखवू, जरा चकित होईल. त्यांनी दोन्ही चौकटी भरल्या. खाली तांबड्या अक्षरांत इशारा आला, की उजवीकडच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना?

"अर्थात," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले आणि बटण दाबलं.

त्या दिवशी धाकटा पाचऐवजी सव्वाअकरालाच उतरला. दादा ऑपरेशन करतोय आणि आपण वर बसायचं, हे त्याला सहन होईना. त्यानं चादर पाहिली, हातमोजे पाहिले. "नातेवाइकांना आत सोडतात का?"

"बस गप. बावीस टक्के झालंय."

धाकट्यानं पडद्यात डोकं घातलं. "जुनी कुठली यातली?"

"डावी."

"तुझी डावी की पेशंटची?"

डॉक्टरांनी आपला डावा हात वर करून पाहिला. चाळीस वर्षं समोरच्या माणसाचा उजवा जबडा त्यांच्या डाव्या हाताला होता. चाळीस वर्षं ते डावं म्हणताना उजवीकडे बघत आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. उजव्या चौकटीतली डिस्क लहान होती, डाव्या चौकटीतली मोठी. कोरी, मोठी, नवी डिस्क आपला कोरेपणा टक्क्याटक्क्यानं जुनीवर उतरवत होती.

धाकट्यानं बटणबिटण शोधलं नाही. सरळ वायर उपटली.

"दादा," तो म्हणाला, "चुकीचा दात काढलास रे."

एरवी त्यानं हा विषय आठवडाभर पुरवला असता. डॉक्टर वाटच बघत होते. पण धाकटा जुनी डिस्क हातात घेऊन उभा राहिला आणि वेगळ्याच आवाजात त्यानं विचारलं, "बातम्यांचं एक होतं ना त्यात? तेही गेलं असेल?"

"कुठल्या बातम्या?"

"काही नाही. येतो मी." आणि चहाचं नावही न काढता तो वर निघून गेला.

डॉक्टरांनी जुनी डिस्क रेकॉर्डरमध्ये घालून पाहिली. पडद्यावर पाटी आली: डिस्क रिकामी आहे. एकशे बेचाळीस कार्यक्रम, आणि त्यातल्या एकालाही ओळख द्यायची इच्छा नाही.

वहिनी एकला दहा मिनिटं असताना आल्या. त्यांनी चादर पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, पर्स खाली ठेवली आणि समोर बसल्या.

"दाबलंत."

"दाबलं."

"उलटं?"

"उलटं." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "अगं, मी दुसरी... म्हणजे पुन्हा लागतीलच कधीतरी. मी लक्ष ठेवीन. पूल लागतील, लोकरीचं लागेल..."

"गोगलगाई पण गेल्या?"

"गेल्या," डॉक्टर खालच्या मानेनं म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "फार वाईट वाटलं का हो?"

"मला? मला तुझ्यासाठी वाईट वाटतंय. तुझ्या होत्या त्या."

"माझ्या?" वहिनींनी हात काढून घेतला. "मला काय करायच्यात गोगलगाई? तुम्ही म्हणाला होतात, निवृत्त झालो की असलं काहीतरी शांतपणे बघायचंय. म्हणून मी तुमच्यासाठी दिसेल ते साठवत गेले. पूल, दीपगृह, ती मेली लोकर!"

"मी कधी म्हटलं?"

"लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. जेवताना."

"आणि मी इतकी वर्षं टेनिस बुडवलं तुझ्या गोगलगाईंपायी!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी वहिनींना हसू फुटलं. मग डॉक्टरांना. आपल्या डोक्यावर केवढं ओझं होतं आणि ते दुसऱ्याचं म्हणून आपण किती इमानानं वाहत होतो, हे आठवून आठवून ते हसले. वहिनींनी डोळे पुसले.

"एक मात्र कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हा कुठल्या बातम्यांचं विचारत होता? चहा न घेता गेला."

वहिनींचं हसू मावळलं.

"ते मीच धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. त्या बारा मजली इमारतीतली जुनी लिफ्ट मोडीत काढली, तेव्हा भावजींना दोन प्रश्न विचारले होते बातम्यांत. दोन मिनिटांचंही नसेल. तुम्ही तेव्हा कुठल्याशा परिषदेला गेला होतात. नंतर अधूनमधून, तुम्ही फिरायला बाहेर पडलात की, भावजी खाली यायचे. वहिनी, एकदा लावता का, म्हणायचे. दादाला सांगू नका, असंही म्हणायचे."

"मला का नाही सांगायचं?"

"ते त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. त्यांनी जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि बशी फोडलेल्या मुलासारखे दुकानात जाऊन उभे राहिले.

कानावर पेन्सिल खोचलेल्या बाईनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. पण तिनं ते ज्या पद्धतीनं म्हटलं नाही, ते डॉक्टरांना पुरेपूर ऐकू आलं.

"सुरुवातीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला," चार दिवसांनी ती म्हणाली. "बाकीचं आहे. पण नावांची यादी सुरुवातीलाच असते, ती गेली. म्हणजे कार्यक्रम आहेत, कुठला कुठला ते माहीत नाही. सत्त्याण्णव तुकडे निघालेत, ते या छोट्या पेटीत उतरवून दिलेत. रेकॉर्डरवर नाही दिसायचे, कॉम्प्युटरवर बघा. तुम्हाला हवा तो शोधायला एकेक उघडावा लागेल."

"नुसतं उघडून चटकन कळेल ना?"

"कसं कळणार? काही तुकडे मधूनच सुरू होतात, काहींत दोन-तीन कार्यक्रम एकमेकांना चिकटलेत. दोन मिनिटांचं हवं असेल, तर सगळं बघा."

तर अशा रीतीनं, जे कुणालाच बघायचं नव्हतं ते बघायला डॉक्टर आणि वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी बसले. धाकट्याला निरोप गेला. "माझ्यापायी नका हो एवढं करू," तो म्हणाला आणि पाच मिनिटांत हजर झाला. वहिनींनी एक वही घेतली, तीन रकाने आखले: क्रमांक, काय आहे, पूर्ण की तुटकं.

पहिल्या दिवशी सात तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी भांडण होऊन पाचच. डॉक्टरांना पुढे पळवायची घाई. वहिनींना एक सेकंद सोडायचा नव्हता. "मुद्रित चाळत नसतात, वाचतात," त्या म्हणाल्या. गोगलगाईंचे तीन भाग सापडले, पहिला गेलेला होता. दुसऱ्या भागाच्या अखेरीस डॉक्टर खुर्चीच्या टोकावर आले होते. गोगलगाईला हजारो दात असतात असं निवेदकानं सांगितलं तेव्हा ते ताडकन उठलेच.

"बस दादा," धाकटा म्हणाला. "तिला अपॉइंटमेंट नकोय."

दीपगृहाचा राखणदार सापडला. तो वहिनींना इतका आवडला, की त्या दिवशी त्यांनी छापखान्याचा फोनही घेतला नाही. लोकर धाकट्याला आवडली. यंत्र कसं चालतं ते त्यानं कार्यक्रम थांबवून थांबवून दोघांना समजावलं. पण बातम्या काही येईनात. साठाव्या तुकड्याला धाकटा म्हणाला, "गेलं असेल पहिल्या चौथ्या हिश्श्यात. जाऊ दे. काय मोठंसं होतं." डॉक्टरांनी एकसष्टावा लावला.

चौसष्टावा तुकडा एका टेनिसच्या सामन्याच्या शेपटानं सुरू झाला. मग जाहिरात. मग बातम्यांचं संगीत. वहिनींनी पेन खाली ठेवलं.

पडद्यावर धाकटा होता. सहा वर्षांनी तरुण, केस चापून बसवलेले, मागे लिफ्टचा लोखंडी दरवाजा. एक मुलगी त्याच्या तोंडाजवळ माईक धरून विचारत होती, दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं असताना तुमचे हात थरथरत नाहीत का?

"थरथरायचे की," पडद्यावरचा धाकटा म्हणाला. "पहिल्या वर्षी तर पाना सुटायचा हातातून. माझा मोठा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. मी त्याच्या दवाखान्यात जाऊन बसायचो, कोपऱ्यात, मासिक वाचतोय असं दाखवून. त्याचे हात बघायचो. तो दात काढायच्या आधी पेशंटशी काहीतरी फालतू बोलतो. शाळा कुठली, भाजी काय केली. बोलता बोलता दात बाहेर, माणसाला पत्ताच नाही. मी तेच उचललं. अडकलेल्या माणसाशी वरून गप्पा मारतो. त्याचीही भीती जाते, माझीही. आज इतकी वर्षं झाली, हात थरथरला नाही."

"भावाला हे माहीत आहे?" मुलीनं विचारलं.

"छे! त्याला कशाला सांगू? डोक्यावर बसेल."

मुलगी हसली. "आणि तुम्ही स्वतः रोज लिफ्टनंच ये-जा करत असाल?"

"मी?" धाकटा गंभीरपणे म्हणाला. "मी जिन्यानं जातो."

मग हवामान लागलं.

धाकटा खिडकीबाहेर बघत होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. त्यांना तो कोपरा आठवला, ती मोडकी खुर्ची, हातात मासिक धरून बसलेला भाऊ. काम टाकून मासिकं चाळायला येतो म्हणून त्यांनी त्याला दोन-तीनदा झापलंही होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं.

"तो शर्ट माझा होता," ते म्हणाले.

"तुझाच," धाकटा खिडकीकडे बघतच म्हणाला. "तू कधी परत मागितला नाहीस."

"परत लाव जरा. शर्ट नीट बघू दे."

तो तुकडा त्या दुपारी चार वेळा लागला. चौथ्या वेळी धाकटाही पडद्याकडे बघत होता. वहिनींनी वहीत लिहिलं: चौसष्ट, भावजी, पूर्ण. मग त्यांनी त्याच्या तीन प्रती करून घेतल्या, तीन वेगवेगळ्या जागी ठेवल्या, आणि तिन्ही वेळा 'कुठून' आणि 'कुठे' स्वतः मोठ्यानं वाचून मगच बटण दाबलं. डॉक्टर हाताची घडी घालून मागे उभे होते. तशी अटच होती.

नवी डिस्क रविवारी सकाळी रेकॉर्डरमध्ये बसली. पट्टा डॉक्टरांनी लावला, आरशात बघून, आणि लावता लावता धाकट्याला विचारलं, "काय रे, भाजी काय केलीस आज?" धाकटा नुसता हसला. रेकॉर्डर कोरा करकरीत सुरू झाला. दुप्पट जागा, आणि आत एकही कार्यक्रम नाही. काय साठवायचं ते आता दोघांनी एकमेकांना विचारून ठरवायचं, असं वहिनींनी जाहीर केलं.

आता शोधायचं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तुकड्यांची ती पेटी कपाटात ठेवून दिली आणि टेनिस लावून बसले. सोमवारी पाचला धाकटा उतरला. चहा घेतला. दादाच्या नव्या डिस्कची प्रकृती विचारली. मग इकडे तिकडे बघत म्हणाला,

"वहिनी, वही कुठेय? पासष्टावा लावायचा ना?"

डॉक्टर टेनिस बंद करून उठलेच होते.